डाव्या हाताचे शब्द

टाइपरायटरवर निव्वळ डाव्या हाताने समुद्र लिहिता येतो, होडी लिहिता येत नाही. इंग्रजीतला समुद्र आणि इंग्रजीतली होडी म्हणतेय मी. ‘सी’ हा शब्द सगळाच्या सगळा डाव्या बाजूच्या कळांवर बसतो. ‘बोट’मधला ओ मात्र पलीकडे, उजव्या हाताच्या वाट्याला. आता टाइपरायटरच कुठे दिसत नाहीत, तेव्हा हे ज्ञान कुणाच्या कामाचं नाही. पण पन्नासच्या दशकातल्या एका पावसाळ्यात माझं सगळं पुढचं आयुष्य या वाटणीत अडकून पडलं होतं, म्हणून सांगते.

आमचं घर पाचूबंदरला. एका अंगाला वसईचा किल्ला, दुसऱ्या अंगाला पाणी, मध्ये कोळीवाडा. मी मॅट्रिक झाले तेव्हा आळीतल्या बायकांनी माझ्या आयला विचारलं, “आता हिचं काय करशील गो? मासली इंग्रजीत विकायला बसवशील काय?” आयने तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. तिला तोंड नव्हतं अशातला भाग नाही. तोंडाने ती अख्खा बाजार गाजवायची. पण तिच्या मनात काहीतरी शिजत होतं.

वसई गावात बाजाराच्या गल्लीत ती टोपली घेऊन बसायची, तिथे समोरच एका वाण्याच्या दुकानावरच्या माडीत टायपिंगचा क्लास होता. दिवसभर वरून टकटक ऐकू यायची. क्लास सुटला की मुली जिना उतरून खाली यायच्या, दोघीतिघी आयकडे मासळीचा भाव करायच्या आणि मासळी घेताना पदराने नाक झाकायच्या. आयला त्या नाकाचा राग आला नाही. तिची नजर त्यांच्या हातांवर होती. “त्या पोरींच्या हाताला कसला म्हंजे कसलाच वास येत नव्हता,” असं तिने घरी येऊन मला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन जिना चढली.

माझ्या बापसाला हे पसंत नव्हतं. तो फार बोलणारा माणूस नव्हे. जाळं विणता विणता एवढंच म्हणाला, “होड्या वर हायत तवर जा. नारली पुनवेनंतर मना घरात हात लागतील.”

त्याचंही खोटं नव्हतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, पुरुष जाळी विणतात, बायकांना थोडी उसंत असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या पाण्यात जातात, आणि मग घरातली एकही बाई रिकामी बसून चालत नाही. आलेली मासळी किनाऱ्यावर बसून निवडायची, धुवायची, वाळत घालायची. म्हणजे मला मिळाला तो एक पावसाळा. क्लासच्या मास्तरांचा नियम असा की नारळी पौर्णिमेच्या आधी ते स्वतः चाचणी घेत आणि जिचं काम चोख असेल तिलाच हिवाळ्यातल्या सरकारी परीक्षेला पाठवत. मी निवडली गेले तर आय बापसाशी भांडून मला पुढे नेणार होती. नाही गेले तर टोपली, आणि टोपलीमागून लग्न. स्थळ तर आत्याने हेरूनच ठेवलं होतं.

मास्तर म्हणजे मुंबईतल्या कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले शेजारच्या गावचे किरिस्ताव गृहस्थ. लोक रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना घालतात तसला कोट ते रोज घालून यायचे आणि उकडतंय म्हणून दिवसभर कुरकुरायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यामागे उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, “पोरी, तू टाइप करतेस की बोंबील आपटतेस? कळेला टिचकी मारायची. धोपटायची नाही.” सगळ्या मुली हसल्या. मला असा राग आला की त्या दिवशी ए-एस-डी-एफ आणि एल-के-जे-एचची पानंच्या पानं भरली. महिनाभरात माझी बोटं कळांकडे न बघता पळायला लागली. मास्तर कुरकुरताना मला वगळायला लागले, त्यावरून मी ओळखलं की बरं चाललंय.

आणि मग शिंगाळीचा काटा लागला.

पावसात होड्या वर असल्या तरी खाडीत थोडीफार मासळी मिळते, त्यात शिंगाळी असते. या माशाला तीन काटे, दोन बाजूंना आणि एक पाठीवर, आणि ते विषारी. म्हणून आमच्याकडे रीत अशी की शिंगाळी हाती लागली की पकडणाऱ्याने आधी तिन्ही काटे मोडायचे, मगच तिला टोपलीत टाकायचं. पुरुषांनी काटे मोडले असणार, या विश्वासावर आमच्या बायका टोपलीत न बघता हात घालतात. बघून हात घालणं म्हणजे घरच्या माणसावर संशय घेतल्यासारखं. मीही तसाच घातला. बापसाने आणलेल्या टोपलीतल्या एका शिंगाळीचा पाठीवरचा काटा शाबूत होता. तो माझ्या उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाच्या मुळाशी खोल रुतला.

अगो बाई, काय ती कळ! डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. गरम पाण्यात मीठ घालून आयने शेकलं, डॉक्टरकडे नेलं, सगळं झालं. आणि मी खाटेवर पडले असताना तिने बापसाला विचारलं, “मुद्दाम ठेवलास काय काटा? पोरीने मशीन बडवू नये म्हनून?”

बापूस हातातलं जाळं ठेवून उठला. डोक्यावर गोणपाट घेऊन पावसात निघून गेला. मला वाईट वाटलं ते आयच्या बोलण्याचं नव्हे. माझ्याही मनात तीच शंका एकदा चाटून गेली, त्याचं वाटलं. तो मुद्दाम करणार नाही हे मला ठाऊक होतं. पण रीत मोडली होती खरी, आणि ती त्याच्या हातून मोडली होती.

ताप उतरला तसं आयने मला उठवलं. मी म्हटलं, हात बघ तरी. तर म्हणते, “हात सुजलाय. पाय नाय सुजले. जा क्लासला.”

मास्तरांनी फडक्यात गुंडाळलेला माझा हात पाहिला आणि कोटाच्या खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मला वाटलं, आता घरी जा म्हणतील. ते म्हणाले, “डावा शाबूत आहे ना? मग तोंड का पाडलंयस? ज्या शब्दांत सगळी अक्षरं डाव्या हाताची आहेत असे शब्द शोधून आण आणि तेवढेच टाइप कर. रोज नवे हवेत. कालचे शिळे चालणार नाहीत.”

टाइपरायटरवर डाव्या हाताच्या वाट्याला पंधरा अक्षरं येतात. त्यांतले स्वर दोनच, ए आणि ई. आय, ओ, यू तिघंही उजवीकडे. या दोन स्वरांवर संसार करायचा म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी मला ‘कॅट’, ‘रॅट’ आणि ‘बॅड’च्या पुढे काही सुचेना. मग शेजारची माझी किरिस्ताव मैत्रीण मदतीला आली. ती सिस्टरांच्या शाळेत शिकलेली, तिच्याकडे डिक्शनरी होती. ओटीवर बसून आम्ही दोघी डिक्शनरीच्या पानांवर बोट फिरवत जायचो आणि शब्दात उजवीकडचं एखादं अक्षर दिसलं की “मेला!” म्हणून ओरडायचो. तिने तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकातूनही शब्द काढून दिले: ‘ग्रेस’, ‘सेक्रेड’, ‘ब्रेड’. “देवाची कृपा तुझ्या डाव्या हाताला हाय बघ,” म्हणाली.

हळूहळू त्या शोधाचं मला वेडच लागलं. चहा डावीकडे निघाला. दूध अख्खं उजवीकडे. साखर दोन्हीकडे सांडलेली. पूर्व आणि पश्चिम डाव्या हातात आल्या, उत्तर-दक्षिण नाही आल्या. ताप डावीकडे, अश्रू डावीकडे, घामही डावीकडे. इंग्रजीतला ‘आय’ म्हणजे मी उजव्या हातात, आणि ‘वी’ म्हणजे आम्ही डाव्या. म्हणजे त्या दिवसांत मला कागदावर मी लिहिता येत नव्हतं, आम्ही लिहिता येत होतं. मैत्रिणीला म्हटलं तर ती म्हणाली, “बरंच हाय. एकटी कुठं जातंस?”

आयलाही नाद लागला. भाकरी थापता थापता विचारायची, आज काय सापडलं? एकदा म्हणाली, “बोंबील बघ.” मी सांगितलं, बोंबलाला इंग्रजीत बॉम्बे डक म्हणतात, डक म्हणजे बदक. तिचा हात थापता थापता थांबला. “बोंबलाला बदक म्हनतात? आनि त्या लोकांची भाषा शिकतंस तू?” मी इतकी हसले की सुजलेला हात दुखायला लागला. पण ‘क्रॅब’ म्हणजे खेकडा, तो सगळा डावीकडे आहे, असं सांगितल्यावर तिचं समाधान झालं. “खेकडा वाकडाच चालनार,” म्हणाली.

बापूस कोपऱ्यात जाळं विणत बसलेला असायचा. काटा लागल्यापासून तो माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलला नव्हता. त्या दिवशी मात्र मान वर न करता त्याने विचारलं, “होडी हाय काय?”

“नाय.”

“जाला?”

जाळं म्हणजे ‘नेट’. त्यातला एन उजव्या हाताचा, आणि नेमका दुखऱ्या बोटाचा. “नाय,” मी म्हटलं.

“मासली?”

“ती बी नाय. समुद्र हाय. पानी हाय. लाटा हायत.”

त्याने एक गाठ मारली, ओढून बघितली. “म्हंजे समुद्र दिलाय,” तो म्हणाला, “आनि त्यात जायला काय नाय दिला.”

मग उठला, माझ्यासमोर बसला आणि विणायची लाकडी सुई माझ्या उजव्या हातात दिली. सूज तोवर ओसरली होती, पण पहिलं बोट लाकडासारखं ताठ झालं होतं. कळेवर ठेवलं तर कळ खालीच जात नव्हती. बापसाने त्या बोटाला तेल चोळलं आणि म्हणाला, “इन जाला.” आमच्यात जाळं विणणं हे पुरुषांचं काम. पण कुणी हरकत घेतली नाही. आयनेसुद्धा नाही, हे विशेष.

जाळ्याच्या गाठीला बोट वाकवावंच लागतं, त्याशिवाय सूत आवळत नाही. मी रडत, चिडत, दात ओठ खात गाठी मारायची. बापूस प्रत्येक गाठीवरून अंगठा फिरवायचा. डोळ्यांनी बघायचा नाही. “ढिली,” म्हणायचा आणि सोडवायचा. परत मार. परत ढिली. कधीतरी एखादी “बसली” म्हणायचा, त्या दिवशी मला भाताचे दोन घास जास्त जायचे. सकाळी माडीवर डाव्या हाताचे शब्द आणि संध्याकाळी ओटीवर उजव्या हाताच्या गाठी, असे ते दिवस गेले.

बोट थोडं वळायला लागल्यावर मास्तरांनी पुन्हा दोन्ही हातांचं काम दिलं. एकदा मी टाइप केलेला कागद घरी घेऊन आले. बापसाला अक्षरओळख नव्हती. त्याने कागद घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवायला लागला. टाइपरायटरचा ठोका कागदात रुततो, त्याचे उंचवटे मागच्या अंगाला हाताला लागतात. “ही बसली. ही बसली. ही ढिली,” म्हणत तो ओळीवरून चालला होता. त्याने जिथे जिथे ढिली म्हटलं तिथे मी कागद पालटून बघितलं. एन. एच. परत एन. दुखऱ्या बोटाची अक्षरं. पुढून बघितलं तर तीच फिकट दिसत होती.

नारळी पौर्णिमेच्या आधी चाचणी झाली. मी घामाघूम होऊन मास्तरांपुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “डाव्या हाताला तर मी आत्ताच्या आत्ता पास करतो,” ते म्हणाले. “पण सरकार दोन्ही हातांची परीक्षा घेतं. या बोटाला अजून दोन-तीन महिने हवेत. तेवढे दिवस नेमाने येणार असशील तर तुला पाठवतो. येशील ना?”

मी काय सांगणार? घरी आले आणि आयला सांगितलं. ती भांडायला पदर खोचून तयार होती. पण दोन-तीन महिने म्हटल्यावर तिचाही आवाज बसला. भर हंगामात एक माणूस घरातून काढायचं म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती आत गेली आणि चुलीपुढे बसून राहिली. बापसाने ऐकलं असावं. ओटीवर त्याची सुई जाळ्यातून तशीच चालू होती.

पौर्णिमा झाली. सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन सगळा वाडा वाजतगाजत किनाऱ्यावर गेला, बायका नाचल्या. मीही नाचले, नाचताना डोळे भरून येत होते ते पावसात खपून गेलं. होड्या पाण्यात गेल्या. मी पाटी-पेन्सिल ठेवून द्यावी तसे ते डाव्या हाताच्या शब्दांचे कागद ट्रंकेत तळाला घातले.

होड्या परत आल्या त्या सकाळी मी लुगड्याचा काष्टा मारून, टोपली घेऊन किनाऱ्यावर गेले. आमच्या आळीच्या बायका ओळीने बसल्या होत्या, पुढ्यात मासळीचे ढीग. करंदी एकीकडे, मांदेली एकीकडे, बोंबील एकीकडे. आयच्या शेजारची जागा माझी. तिथे बापूस बसला होता.

पाण्यातून आलेले बाकीचे पुरुष भाकरी खाऊन आडवे व्हायला घरी गेले होते. हा ओल्या कपड्यांनी बायकांच्या ओळीत मांडी घालून मासळी निवडत होता. आमच्याकडे मरेपर्यंत उपाशी राहील पण पुरुष निवडायला बसणार नाही. बायकांना तर आयतं सापडलं होतं.

“काय गो, नवीन बाय कुठली आनलीस?” एकीने आयला विचारलं.

“उद्या लुगडं नेसवून आन,” दुसरी म्हणाली.

“नेसीन,” बापूस म्हणाला. “लाल आन. हिरवा मना शोभनार नाय.”

हसून हसून पुरेवाट झाली. आय मात्र हसत नव्हती, तिची मान खाली होती. ओळीच्या टोकाला एक म्हातारी होती, वाड्यातली सगळ्यांत मोठी. ती हसली नाही. तिने विचारलं, “अरे पन पोर धडधाकट उभी हाय ना? तिच्या जागेवर तू कशाला?”

बापसाच्या पुढ्यात एक शिंगाळी आली होती. त्याने तिचे काटे चाचपले. होडीवर मोडलेलेच होते, तरी तिन्ही जागी पुन्हा बोट फिरवलं आणि तिला बाजूला टाकलं.

“तिचा हात मी घालवलाय,” तो म्हणाला. “तिचा येईतवर माझा घ्या.”

म्हातारीने पुढचा ढीग स्वतःकडे ओढला. मी टोपली धरून तशीच उभी. मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, “क्लासची येल झाली ना? मग हितं काय बघतंस? जा.”

मी वळले आणि चालायला लागले. किल्ल्याच्या दरवाजापर्यंत रडत गेले, मग तोंड धुतलं आणि माडी चढले. मास्तर उठून आले. त्यांनी मशीनवरचं फडकं काढून दिलं.

दिवाळी होऊन गेली, वलांडींवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांबूच्या मांडवांवर, बोंबील वाळायला लागले, तरी बापूस रोज निवडायला बसत होता. चिडवून चिडवून बायका थकल्या, पुढेपुढे तर त्याच्याशी घरच्या गोष्टी बोलायला लागल्या. परीक्षा मी पास झाले, मुंबईच्या एका कचेरीत लागले, आत्याचं स्थळ दुसरीकडे गेलं. हे सगळं पुढचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तरांनी बोटांना विश्रांती दे म्हणून लवकर सोडलं. निघताना मी एक कोरा कागद मशीनला लावला आणि एकच शब्द वरपासून खालपर्यंत टाइप केला. ‘नेट’. घरी आले तेव्हा बापूस नुकताच किनाऱ्यावरून आला होता. महिनोन् महिने काटेकुट्यांत घालून त्याचे हात चिरले होते, उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मी कागद दिला आणि सांगितलं, “बा, जाला हाय.”

त्याने कागद पालथा केला आणि डावा अंगठा फिरवायला लागला. वरपासून, एकेक ओळ, सावकाश. ‘ढिली’ कुठे येते म्हणून मी ऐकत उभी होते. तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि मध्ये कुठेही थांबला नाही.

“बसली,” म्हणाला, आणि कागद आयच्या हातात देऊन पाय धुवायला गेला.